एक राजवाडा द्या

साताऱ्यात राजवाडा मिळतो, तोही किरकोळ पैशांत. स्टँडवर शहर बसमध्ये चढायचं, कंडक्टरपुढे हात करायचा आणि म्हणायचं, "एक राजवाडा द्या." कंडक्टर मान वर न करता विचारतो, "सुट्टे आहेत का?" राजवाडा मागणाऱ्यांकडे सुट्टे नसतात हा त्याचा जुना अनुभव असावा. त्या दिवशी माझ्यापुढच्या बाईंनी दोन पूर्ण आणि एक अर्धा राजवाडा घेतला. अर्धा राजवाडा त्यांच्या मांडीवर बसून केळं खात होता.

उतरल्यावर समोर चौपाटी लागते. समुद्र नाही. समुद्राला इथवर यायचं तर आख्खा सह्याद्री चढावा लागेल. तेवढी वाट कोण बघणार? सातारकरांनी सरळ भेळेच्या गाड्या लावून टाकल्या. राजवाड्यात राजा नाही, चौपाटीला समुद्र नाही, आणि दोघांवाचून संध्याकाळी तिथे कुणाचं काही अडलेलं दिसत नाही.

मी मात्र भेळ खायला आलो नव्हतो (ती नंतर खाल्ली). मी शाळा बघायला आलो होतो. जुन्या राजवाड्यातलं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. आलो तो नेमका रविवारी. शाळा बघायला रविवारी येणारा माणूस शाळेत असताना काय दिवे लावत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. दारापर्यंत जाऊन परत फिरायची सवय जुनीच होती, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही. समोर उभा राहिलो आणि वाड्याचा इतिहास आठवू लागलो. इतिहासाच्या तासाला जे जमलं नाही ते बंद दारासमोर छान जमलं.

हा राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली बांधला. पुढे इथे शाळा भरणार हे वाड्याच्या कपाळी पहिल्यापासूनच लिहिलेलं असावं, कारण इंग्रजांनी महाराजांना कायम विद्यार्थ्यासारखंच वागवलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पेशव्याच्या, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या, ताब्यातून महाराज सुटले आणि इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. बसवलं खरं, पण कारभार हातात दिला नाही. त्यावर कॅप्टन ग्रँट डफ नावाचे वर्गशिक्षक नेमले. विद्यार्थ्याचा जन्म १७९३ चा, वर्गशिक्षकांचा १७८९ चा. आमच्या गावात सातवीला तीनदा बसलेला एक गडी आणि नवे लागलेले मास्तर शेजारी उभे राहिले की इन्स्पेक्टर चुकून गड्यालाच नमस्कार करायचे, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी खूण एकच. छडी ज्याच्या हातात तो मास्तर.

१८२२ मध्ये महाराज पास झाले, म्हणजे कारभार त्यांच्या हाती आला. डफसाहेब मायदेशी गेले आणि १८२६ मध्ये त्यांनी मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. शाळा सुटल्यावर विद्यार्थी मास्तरांच्या आठवणी लिहितात अशी आपली रीत. इथे मास्तरांनी विद्यार्थ्याच्या आख्ख्या खानदानावर तीन खंड लिहिले.

विद्यार्थी मात्र खरोखरच हुशार निघाला. महाराज रोजनिशी लिहीत. त्यांनी रस्ते केले, शहरात पाणी खेळवलं, शाळा काढली, छापखाना आणला. आणि मग हुशार विद्यार्थ्याचं जे व्हायचं तेच झालं. ते पुस्तक वाचून प्रश्न विचारायला लागले. पुस्तक म्हणजे इंग्रजांशी झालेला १८१९ चा तह. अमुक जहागिरीवर हक्क कुणाचा यावरून वाद निघाला की महाराज तहाचं कलम काढून दाखवत. "सर, पुस्तकात तर असं दिलंय!" हे वाक्य कुठल्याही मास्तरांना आवडत नाही. ज्यांनी पुस्तक स्वतः लिहिलेलं असतं त्यांना तर मुळीच नाही.

शेवटी महाराजांवर आरोप आले. त्यातला एक तर असा की साताऱ्यात बसून ते गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधतात. खुद्द मुंबईचे गव्हर्नर कारनॅकसाहेब साताऱ्याला आले आणि त्यांनी हेडमास्तरांचा ठेवणीतला तोडगा काढला: चूक कबूल करा, कागदावर सही करा, गादी राहील. माफीनामा लिहून दे आणि वर्गात बस! महाराज म्हणाले, चूक केलीच नाही तर लिहून काय देऊ? सप्टेंबर १८३९ मध्ये पटावरून त्यांचं नाव कमी झालं. रवानगी थेट काशीला. तिथेच १८४७ मध्ये ते वारले.

गादीवर धाकटे भाऊ आप्पासाहेब आले. १८४८ मध्ये तेही गेले. जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर जनरल डलहौसीसाहेबांनी तो अर्ज नामंजूर केला आणि राज्य खालसा करून टाकलं. औरस वारस नाही म्हणून राज्य खालसा करायच्या डलहौसीच्या त्या प्रसिद्ध धोरणात गेलेलं हे पहिलं राज्य. सातारचा पहिला नंबर आला आणि पेढे वाटता आले नाहीत असा हा एकच प्रसंग, आणि तोही कंदी पेढ्यांच्या गावात.

राज्य गेलं १८४८ ला, सरकारी शाळा आली १८५१ ला. १८७० च्या दशकात ती या राजवाड्यात राहायला आली. राजांचं राज्य या वाड्याने पाहिलं जेमतेम चोवीस वर्षं. शाळेने त्याच्या सहापट काढली. आमच्या आळीतले जुने घरमालक म्हणायचे, जागा एक वेळ पैलवानाला द्यावी, पण शाळेला देऊ नये. पैलवान भाडं थकवतो. शाळा भाड्याचा विषयच निघू देत नाही, आणि निघाला तर पोरांना 'सुस्वागतम्' म्हणायला उभं करते.

शेजारीच आप्पासाहेबांच्या काळातला नवा राजवाडा. तिथे पुढे कित्येक वर्षं न्यायालय भरत होतं. म्हणजे एका राजवाड्यात हजेरी आणि दुसऱ्यात तारीख. दोन्हीकडे नाव पुकारलं की उभं राहायचं, दोन्हीकडे विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि दोन्हीकडे शेजारचा हळूच उत्तर सांगत असतो. एकाच आवारात महाराष्ट्रातल्या माणसाचं सगळं आयुष्य बसवून टाकलं होतं. मधली काही वर्षं नोकरीपुरती बाहेर काढली म्हणजे झालं.

आता गंमत बघा. ज्या सरकारने महाराजांचं नाव पटावरून काढलं, त्याच सरकारची शाळा महाराजांच्या घरात भरत राहिली, आणि दारावरची पाटी सरकारची. महाराजांचं नाव परत मिळावं म्हणून माणसांनी काय कमी खटपट केली? त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथे अर्ज देत राहिले. पगडी घालून लंडनच्या धुक्यात, कंपनी सरकारच्या एका दारातून दुसऱ्या दारात. आपल्याला तहसील कचेरीत उताऱ्यासाठी चौथी खेप पडली तर आपण देशाच्या भवितव्याबद्दल बोलायला लागतो. या माणसाने तर परक्या मुलखात, परक्या भाषेत चौदा वर्षं 'साहेब जेवायला गेलेत' ऐकलं असेल. उपयोग शून्य. आणि १९५१ मध्ये, शाळेला शंभर वर्षं झाली तेव्हा, शाळेलाच महाराजांचं नाव दिलं गेलं. रंगो बापूजींना चौदा वर्षांत जमलं नाही ते एका रंगवणाऱ्याने डबाभर रंगात करून दाखवलं. राज्य नाही मिळालं, पण नाव घरावर परत आलं. मध्ये एकशे बारा वर्षं गेली एवढंच.

तसा वाड्यात शाळा भरवण्याचा नाद आपल्याकडे जुना आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधला, आणि तो पुणं सोडून गेल्याला पुरती चार वर्षं होतात न होतात तोच, १८२१ मध्ये, इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा भरवली. ज्या वास्तूच्या नावातच विश्राम, तिथे पहाटे उठून रूपं घोकायची! बाजीरावावर लोकांनी पुष्कळ टीका केली आहे. पण त्या वास्तूच्या नावाला जागला तो एकटाच, हे कबूल केलं पाहिजे.

माझी स्वतःची शाळाही एका सरदारांच्या वाड्यात भरायची. गावाचं नाव सांगत नाही, कारण सरदारांचे वंशज अजून तिथेच आहेत आणि आमचे हेडमास्तरही. वाडा जुन्या मापाने बांधलेला, त्यामुळे वर्ग फुटात नव्हे, खणात मोजले जात. सातवी अ तीन खणी, सातवी ब दोन खणी, कारण सातवी ब मधली निम्मी मुलं येतच नसत. मुदपाकखान्यात प्रयोगशाळा होती. शंभर वर्षांपूर्वीच्या फोडण्यांचा वास भिंतीत मुरलेला, त्यात आमचा गंधकाचा धूर. सरदार घराण्याची भूक त्यानंतरच मेली असावी. भिंतीत कोनाडे होते. पूर्वी त्यांत समया तेवत असतील, आमच्या वेळी शिक्षा झालेली मुलं तेवत. बारीक अंगाच्या मुलाला सर सांगत, "कोनाड्यात जाऊन बस." जाड मुलांना ही सोय नसल्याने ती अभ्यासात हुशार निघाली.

आठवी ब पागेत भरत असे. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या. गणिताचे सर चिडले की "गाढवांनो!" म्हणून ओरडत. एकदा मी उभा राहून म्हणालो, "सर, इथे घोडे बांधत होते." वाक्य ऐतिहासिकदृष्ट्या बिनचूक होतं. पुढचे दोन तास मी कडीला हात लावून उभा होतो. तेव्हापासून इतिहास आणि विनोद एकत्र करताना मी जरा जपून असतो.

वाड्यातल्या शाळेला भुयार असावं लागतं. आमच्याही होतं. ते थेट गडापर्यंत जातं, हे गावातलं कुणीही शपथेवर सांगे. गड बारा कोसांवर आणि मध्ये नदी. पण भुयाराला नदीचं काय! मधल्या सुट्टीत आम्ही पोरांनी ते शोधायचं ठरवलं. मागच्या चौकातली जुनी फळी सरकवली. आत काळोख, कुबट वास आणि लांबवर एक लाल ठिणगी. आमच्यातल्या एकाने ती मशाल आहे असं ओळखलं. जवळ गेल्यावर ती पी. टी.च्या सरांची बिडी निघाली. त्यांनी आम्हाला आणि आम्ही त्यांना पाहिलं. त्या वर्षी पी. टी.त आम्हा चौघांनाही 'अ' श्रेणी मिळाली. गडापर्यंत पोचण्याची गरज राहिली नाही.

पावसाळ्यात कौलं गळत. दुरुस्तीचा अर्ज दर जूनला जाई. एक खातं म्हणे, वाडा जुना आहे, हात लावता येणार नाही. दुसरं म्हणे, हात लावल्याशिवाय किती जुना आहे ते सांगता येणार नाही. तोवर गळतीखाली पातेली लागत. वरच्या तक्तपोशीतून थेंब पडे, त्याच्या लयीत आम्ही पाढे म्हणत असू. सतराच्या पाढ्याला पावसाची एक सर लागे, एकोणतिसाचा पाढा फक्त श्रावणात यायचा.

या सगळ्या पसाऱ्यात एकच वस्तू कधी भिजली नाही. जनरल रजिस्टर. लाल कापडी बांधणीचं ते बाड हेडमास्तरांच्या लोखंडी कपाटात असे. माणूस जन्मतो केव्हाही, पण नांदायला लागतो तो या रजिस्टरात नाव चढल्यावर. माझं नाव चढवलं तेव्हा मास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. बोट कानाला टेकलं. "सहा पूर्ण," मास्तर म्हणाले. जन्मतारीख आईने सांगितली ती अशी: "आंबे उतरवायला गेले होते, त्याच्या तिसऱ्या दिवशी." मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि १ जून लिहिलं. आमच्या वर्गात एकतीस मुलांचा जन्म १ जूनचा. त्या दिवशी गावातली सुईण जेवायला तरी केव्हा बसली असेल, असा प्रश्न मला अजून पडतो.

म्हणून मला रजिस्टरांविषयी आदर आहे, आणि म्हणूनच मी साताऱ्याला आलो होतो. राजवाड्यात मोलाची चीज काय, असं विचारलं तर माणूस तलवार म्हणेल, सिंहासन म्हणेल. या राजवाड्यातली मोलाची चीज म्हणजे रजिस्टरातली एक ओळ. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलं आहे. ७ नोव्हेंबर १९००, इंग्रजी पहिलीचा वर्ग, अनुक्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर.

वडील लष्करातले निवृत्त सुभेदार, मुलाचं वय साडेनऊ. कारकुनाने ओळ लिहिली असेल, टिपकागद दाबला असेल आणि पुढचं नाव विचारलं असेल. आकड्यांत अर्थ शोधणाऱ्यांपैकी मी नाही, तरी एक सांगतो. सन १९१४ उजाडलं तेव्हा १९१४ नंबरचा हा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता.

आपण थोरामोठ्यांच्या जयंत्या करतो, पुण्यतिथ्या करतो. शाळेत नाव घातल्याचा दिवस साजरा होतो असा दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात सरकारी निर्णयाने विद्यार्थी दिवस आहे. त्या दिवशी शाळांत निबंध होतात, वक्तृत्व होतं. विद्यार्थ्यांचा दिवस असूनही सुट्टी मात्र नसते. बाबासाहेबांना ते पसंत पडलं असतं. दिवसाला अठरा तास अभ्यास करणाऱ्या माणसाच्या नावाने सुट्टी मागायची म्हणजे पैलवानाच्या जयंतीला उपास करण्यासारखं आहे.

पण ओळ लिहिली गेली म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. बाबासाहेबांनी पुढे लहानपणच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्यात साताऱ्याच्या दिवसांतली शाळा आहे. वर्गात नंबराप्रमाणे बसायची रीत, पण त्यांनी कोपऱ्यात एकट्याने बसायचं. खाली घ्यायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई असेल तर पाणी. नसेल तर नाही.

पाटी, पुस्तकं आणि गोणपाट. आम्हीही पाऊस चुकवायला डोक्यावर गोणपाटाची खोळ घेत होतो, त्यामुळे ते ओलं झाल्यावर किती जड होतं हे मला माहीत आहे. सातारचा पाऊस तर चांगला चार महिने. साडेनऊ वर्षांचा मुलगा ते रोज घरी नेत होता आणि रोज परत आणत होता. ज्या शहरात राजाने पाणी खेळवलं, तिथे हा मुलगा शिपाई कुठे दिसतो का ते बघत होता. आमच्या सरदारांच्या वाड्यातही खण पुष्कळ होते, आणि दाराजवळ कोण बसतं, माठाला हात कुणी लावायचा नाही, हे आम्हा पोरांना कुणी न सांगता कळत होतं. सतराचा पाढा पाठ व्हायला वर्ष लागलं होतं. हे पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं.

आंबेडकर आडनावाचे एक मास्तरही याच काळातले. ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्या मुलाला देत. त्यांची आठवण बाबासाहेबांनी मोठेपणीही ठेवली. रजिस्टर शाळेने जपलं. ते गोणपाट कुणी जपलं नाही. जपायचं म्हटलं तर कुणीतरी त्याला शिवायला हवं होतं.

दार काही उघडलं नाही. रविवारच होता. संध्याकाळ झाली, चौपाटीवर दिवे लागले, कढया तापल्या. मी एका भेळेच्या गाडीशी जाऊन उभा राहिलो. भेळवाल्याचे हात यंत्रासारखे चालत होते. एवढी वर्षं राजवाड्याकडे तोंड करून भेळ कालवणाऱ्या माणसाला इतिहास माहीत असणारच, असं वाटून मी विचारलं, "का हो दादा, हा राजवाडा कुणी बांधला?"

त्याने कांदा टाकला, फरसाण टाकलं, मान वर करून एकदा वाड्याकडे बघितलं.

"बांधला कुणी ते नाही बा सांगता येणार," तो म्हणाला. "पण बाबासाहेब हितं शाळेला होते." आणि चमचा डब्यात घालून विचारलं, "तिखट किती टाकू?"